गाठ आठवते, वार आठवत नाही

आमच्या आत्तीला दाव्याची गाठ आठवते. काथ्याचं जुनं दावं, भिजून फुगलेलं. कोणता पीळ वर होता, कोणता खाली, अंगठ्याच्या नखात कूस कुठं घुसली, गाठीवर शेणाचा डाग कुठल्या बाजूला होता, सगळं. आजही विचारा, ती हवेत बोटं फिरवून दाखवते. पण तो वार कुठला होता ते तिला सांगता येत नाही. बोटीत कुणी चढवलं, शेजारी कोण बसलं होतं, गंजी केंद्रावर, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, पोचेपर्यंत दिवस होता की रात्र, यातलं काही म्हणजे काही धड नाही.

साल २०१९, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, चिकोडी तालुक्यातलं कृष्णाकाठचं एक गाव. तो पूर सीमाभागातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. तिकडं सांगली-कोल्हापूर बुडत होतं आणि इकडं राजापूर बंधाऱ्यातनं किती क्युसेक सुटलं या आकड्यावर आमच्या गावांचं जेवणखाण ठरत होतं. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला. घटप्रभा गोकाकात शिरली, मलप्रभा रामदुर्गात.

पाणी ओसरलं आणि नुकसानभरपाईचे अर्ज सुरू झाले. आत्तीबरोबर मी गेलो होतो. पाणी घरात कधी आलं? आत्ती म्हणाली, मंगळवारी. पुढच्या खेपेला म्हणाली, गुरुवारी. म्हशीचं काय झालं? खुंट्यालाच बुडाली. शेजारचे अण्णा तिथंच रांगेत होते, ते म्हणाले, नाही, दावं कापून सोडली होती, वाहत गेली. टेबलामागच्या माणसानं चष्म्यावरून बघितलं. "मावशी, खरं काय ते घरी बसून एकदा ठरवा आणि मग या." आत्ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मी डॉक्टर नाही. निपाणीत शाळेत विज्ञान शिकवतो. पण त्या एका वाक्यानं मला जे वाचायला लावलं, ते इथं जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतोय. कारण 'खरं काय ते ठरवा' हे आपण सगळेच म्हणतो. पोलीस म्हणतात, वकील म्हणतात, सासू म्हणते, नवराही म्हणतो. भेदरलेल्या माणसाची आठवण कशी तयार होते हे ठाऊक नसल्यामुळं म्हणतो.

व्हिडिओ नव्हे

आठवण म्हणजे डोक्यात साठवलेली चित्रफीत, असं आपण धरून चालतो. बटण दाबलं की तीच फीत पुन्हा तशीच चालणार. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८३ साली गुजरातच्या एका खटल्यात नेमका हाच समज खोडून काढला. साक्षीदाराची स्मरणशक्ती फोटोसारखी असेल अशी अपेक्षा करता येत नाही, मनाच्या पडद्यावर काही व्हिडिओ टेप फिरत नसते, अशा अर्थाचं निकालपत्रात लिहिलं आहे. बारीकसारीक तपशिलात फरक पडला म्हणून सगळी साक्ष खोटी ठरत नाही. हा निकाल वकिलांना पाठ असतो. तालुक्याच्या टेबलापर्यंत तो अजून पोचायचा आहे.

प्रत्यक्षात मेंदू एका प्रसंगाचे तुकडे वेगवेगळ्या जागी ठेवतो आणि आठवताना ते पुन्हा जुळवतो. रोजच्या शांत दिवसात ही ठेवाठेव नीट होते. जीव जायची वेळ आली की बिघडते, आणि बिघडण्याची एक ठरलेली रीत आहे.

मेंदूत कानाच्या पातळीवर, आत खोलवर, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. तो राखणदार कुत्र्यासारखा आहे. अंधारात काही हललं की आधी भुंकणार. साप होता की दोर होता ही चौकशी त्याची नाही. त्याला लागूनच मागं वळलेला दुसरा भाग आहे, हिप्पोकॅम्पस. हा दप्तर सांभाळणारा कारकून. कुठं घडलं, कधी घडलं, आधी काय, मग काय, ही नोंद करून तो प्रसंगावर तारखेचा शिक्का मारतो. कपाळामागचा मेंदू हा घरातला वडीलधारा. कुत्र्याला 'गप, पाहुणा आहे' म्हणणारा.

संकट आलं की कुत्रं भुंकतं. अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, मेंदूतही त्याचंच भावंड असलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढतं, काही मिनिटांनी कॉर्टिसॉल चढतं. अमिग्डाला त्या क्षणाला तांबड्या शाईनं अधोरेखित करते: हे विसरायचं नाही. अमेरिकेत १९९४ साली लॅरी काहिल, जेम्स मॅगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची सोपी परीक्षा घेतली. लोकांना चित्रं दाखवून एका मुलाच्या अपघाताची गोष्ट सांगितली. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं. धडधडीवर, बीपीवर देतात तीच गोळी, अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवणारी. आठवड्यानं विचारलं तेव्हा गोळी न घेतलेल्यांना अपघाताचा भाग इतर भागापेक्षा ठळक आठवत होता. गोळी घेतलेल्यांना तो इतर भागाइतकाच साधा आठवत होता. म्हणजे भीतीचा क्षण मनावर कोरला जातो ही नुसती बोलण्याची रीत नाही. कोरणारं रसायन आहे.

पण तीच लाट फार मोठी झाली की कारकुनाच्या टेबलावरची कागदं उडतात. वडीलधारा तर आधीच भांबावलेला. मग काही तुकडे फार खोल कोरले जातात आणि त्यांना बांधून ठेवणारा दोरा राहत नाही. गाठ राहते, वार जातो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या चित्रावर तज्ज्ञांचं एकमत नाही. आघाताची आठवण मुळातच वेगळ्या जातीची असते असं एक गट मानतो. दुसरा गट म्हणतो, जात तीच, फक्त जास्त तीव्र आणि न बोलावता येणारी. मला पहिलं चित्र समजावायला सोपं वाटतं म्हणून ते घेतलं. पण मुलांना नकाशा शिकवताना जे सांगतो तेच इथं सांगेन: नकाशा म्हणजे गाव नव्हे.

डोळे एकाच जागी

बेळगावकरांना जवान नवे नाहीत. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कमांडो ट्रेनिंग आहे. पहाटे रस्त्यानं पळणारी पोरं बघतच आपण मोठे झालो. असली कसलेली माणसं तरी संकटात सगळं नीट टिपत असतील, असं वाटतं ना?

अमेरिकी लष्करात शत्रूच्या हाती सापडल्यावर कसं तगायचं याचं शिक्षण देतात. अन्न आणि झोप तोडून, खोट्या युद्धकैद्यांच्या छावणीत ठेवून चौकशी होते. चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अशा ५०० च्या वर जवानांचा अभ्यास छापला. एक चौकशी धाकदपटशाची, अंगावर येणारी. दुसरी नुसत्या प्रश्नांची. सुटकेनंतर एका दिवसानं सांगितलं, तुमची चौकशी करणारा माणूस ओळखा. समोर माणसं उभी करून ओळखपरेड घेतली तेव्हा साध्या चौकशीतला माणूस १०० पैकी ६२ जणांनी बरोबर ओळखला. अंगावर आलेला माणूस ओळखणारे निघाले फक्त ३०. तोंडासमोर उभा राहून ओरडणारा माणूस!

हे उलटं वाटतं, पण गावातल्या कुणालाही विचारा. अंगावर कोयता उगारला गेला असेल तर कोयत्याची मूठ आठवते, उगारणाऱ्याचा चेहरा आठवत नाही. साक्षीदारांच्या मानसशास्त्रात याला वेगळं नाव आहे, शस्त्रावर खिळलेली नजर. आत्तीच्या बाबतीत शस्त्र नव्हतं, गाठ होती. जीव वाचणं न वाचणं त्या क्षणी गाठीवर होतं, म्हणून सगळा मेंदू गाठीत गेला. बोट कुणी आणली हे बघायला मेंदू उरलाच नव्हता.

सिनेमातला फ्लॅशबॅक विसरा

फ्लॅशबॅक हा शब्द आपल्याला सिनेमानं दिला आणि घोळ तिथंच झाला. सिनेमात नायक खिडकीशी उभा राहतो, पडदा थोडा धूसर होतो आणि गोष्ट सुरुवातीपासून क्रमानं सुरू होते. नायकाला ठाऊक असतं की आपण आठवतोय.

खऱ्या फ्लॅशबॅकमध्ये हे 'आठवतोय' नसतं. प्रसंग पुन्हा घडत असतो. आणि पुरी गोष्ट तर क्वचितच येते. येतो एखादा वास, एखादा आवाज, पोटातला गोळा, हातातली कळ. वर्षभरानं आत्ती आडावर पोहरा ओढत होती. भिजलेला दोर हातात आला आणि ती जागच्या जागी खाली बसली. "बोटं दुखाल्यात रे," एवढंच म्हणत राहिली. पाऊस नव्हता, कृष्णा चार किलोमीटरवर आपल्या पात्रात होती. आम्ही म्हणत होतो, आत्ती, काही नाही, पूर नाही. तिला ते ऐकू येत होतं आणि पटत नव्हतं.

कारण शिक्का नाही. कारकुनानं तारीख मारलेलीच नाही, म्हणून तो तुकडा वर आला की मेंदूला तो 'मागं कधीतरी' वाटत नाही, 'आत्ता' वाटतो. कुत्रं भुंकायला लागतं, आणि कुत्र्याला कॅलेंडर कळत नाही.

वास यात सगळ्यात दगलबाज. डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढं जातं. वासाची वाट त्या ठाण्याला वळसा घालून जवळजवळ थेट अमिग्डालापाशी जाते. पूर ओसरल्यावर कुजलेल्या उसाचा, गाळाचा, मेलेल्या जनावरांचा जो वास महिनाभर नाकात राहिला, तो कुणाला कुठल्या तरी गाळ उपसलेल्या गटारापाशी पुन्हा भेटतो आणि पाय थिजतात. का थिजले हे त्या माणसालाही कळत नाही. मग 'काहीतरी लागलंय', 'बाधा आहे' म्हणून अंगारा येतो. आत्तीलाही चिंचलीच्या मायाक्का देवीला नेलं होतं. मी विरोध केला नाही. तिथं तिला चार तास शांत झोप लागली, आणि झोप ही लहान गोष्ट नव्हे.

मेंदूत अशा दोन वह्या असतात याची एक जुनी, जराशी क्रूर गोष्ट आहे. एदुआर क्लापारेद या स्विस डॉक्टरकडे एक बाई होती. तिला नवीन काही लक्षातच राहत नसे. रोज भेटणारा डॉक्टर रोज नवा. १९११ साली त्यानं ही हकीकत छापली. एकदा त्यानं बोटांच्या फटीत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. तिला टोचलं. थोड्याच वेळात ती ते विसरली. पण पुढं त्यानं हात पुढं केला तेव्हा तिनं आपला मागं घेतला. का, हे तिला नीट सांगता आलं नाही. टाचणी प्रसंगाच्या वहीत नव्हती, हाताच्या वहीत होती.

मराठीत आपण म्हणतो, भीती मनात बसली. आली असं म्हणत नाही, बसली म्हणतो. कुणी कधी घडवला हा वाक्प्रचार ठाऊक नाही, पण घडवणाऱ्याला हे सगळं कळलं होतं असं मला वाटतं.

ठळक आहे म्हणून खरं आहे?

आता अवघड भाग. आतापर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे जे ठळक आठवतं ते तरी पक्कं असणार. तसं नाही.

आमच्या गल्लीतले एक तात्या १ जून १९८६ ची हकीकत सांगतात. कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, गोळीबार, धावाधाव. दर वर्षी हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाकडं लोक निघाले की तात्यांची हकीकत ठरलेली. लहानपणी मी ऐकली तेव्हा त्यात रणरणतं ऊन होतं आणि तात्यांची चप्पल तुटली होती. अलीकडं ऐकली तेव्हा मुसळधार पाऊस होता आणि चप्पल मित्राची होती. तात्या खोटं बोलत नाहीत. सांगताना त्यांचा आवाज आजही कापतो. पण चाळीस वर्षांत ती हकीकत इतक्यांदा सांगितली गेली, इतरांच्या हकीकतींशी इतक्यांदा घासली गेली, की कुणाचं ऊन आणि कुणाचा पाऊस हे आता वेगळं काढता येणार नाही.

त्याच १९८६ सालच्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर लगेच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठं ऐकली, कुणाकडून, तेव्हा काय करत होतात. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचं एकही मुख्य उत्तर जुळलं नाही. बहुतेकांना आपल्या नव्या आठवणीबद्दल ठाम खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवल्यावरही जुनी आठवण परत आली नाही.

ठसठशीतपणा आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आघात पहिला वाढवतो. दुसरा वाढवेलच असं नाही. म्हणून मी दोन्ही बाजूंच्या लोकांशी भांडतो. 'तारखा जुळत नाहीत म्हणजे बाई खोटं बोलते' म्हणणाऱ्याशी, आणि 'इतकं स्पष्ट आठवतंय म्हणजे तसंच घडलं' म्हणणाऱ्याशीही. मोठ्या आघाताचा गाभा माणसं सहसा विसरत नाहीत. पूर आला, म्हैस गेली, गोळी चालली. डगमगतात त्या कडा. आणि 'आत दडलेली आठवण बाहेर काढून देतो' म्हणून संमोहन करणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहावं. तिथं आठवण निघण्याऐवजी नवीच तयार होण्याचा धोका असतो.

विचारणाऱ्याचा शब्दही आठवणीत शिरतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा वेग किती होता? आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी हो म्हटलं. 'चक्काचूर' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी.

हे वाचलं आणि मला आपल्याकडचं ठाणं आठवलं. इथं माणूस मराठीत रडतो, जबाब कन्नडात लिहिला जातो, मधे कुणीतरी दोन्ही भाषा अर्ध्याअर्ध्या येणारा उभा असतो. 'ढकललं' चं 'मारलं' व्हायला एक श्वास पुरतो. मग खाली अंगठा किंवा सही, आणि सहा वर्षांनी कोर्टात तोच कागद माणसाच्या तोंडावर फेकला जातो: तेव्हा तर तुम्ही असं म्हणाला होता! हा कुणा एका भाषेचा दोष नव्हे. महाराष्ट्रात सोलापूर-जतकडच्या कन्नड माणसाचंही हेच होत असणार. नायसर आणि व्हियोरिका मारियन यांनी २००० साली अमेरिकेतल्या रशियन बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर दाखवलं की ज्या भाषेत प्रसंग घडला त्याच भाषेत विचारलं तर तो जास्त आठवतो. ज्या भाषेत भ्यालो त्या भाषेत सांगू द्यावं, ही मागणी म्हणूनच मला राजकारणाच्या आधी मेंदूची वाटते.

सगळ्यांनाच होतं का?

नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी आघात म्हणावा असा प्रसंग येतो. पुढं पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा आजार, होतो तो त्यातल्या ५.६ टक्क्यांना. पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांपुढं येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटला तरी ओसरत नसेल, माणूस त्या जागा, ती माणसं, ते विषय टाळत असेल, घरात असूनही सतत कान टवकारून असेल, तर तो आजार समजून डॉक्टरकडं जावं. या आजाराला १९८० मध्ये अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत पीटीएसडी हे नाव मिळालं. माणसं त्याआधीही तीच होती. पहिल्या महायुद्धात त्याला 'शेल शॉक' म्हणत. त्या युद्धात मेसोपोटेमियात मराठा पलटणीही लढल्या. परत आलेले आपल्या खापरपणजोबांच्या पिढीतले शिपाई रात्री का ओरडत, हे तेव्हा कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

काहींनाच का होतं? व्हिएतनाम युद्धातल्या जवानांचा जुळ्या भावांसकट एक अभ्यास २००२ साली आला. एक भाऊ युद्धावर गेला, दुसरा घरी राहिला. आजार जडलेल्या जवानांचा हिप्पोकॅम्पस लहान होता. आघातानं तो झिजला, असं तोवर मानलं जाई. पण घरी राहिलेल्या भावाचाही लहानच निघाला. म्हणजे काहींचा कारकून आधीपासूनच थोडा दुबळा असतो. याला 'मनानं कच्चा' म्हणण्यात अर्थ नाही. कुणाची उंची कमी असते, तसंच हे.

मग करायचं काय

आधी काय करू नये ते. दुसऱ्याच दिवशी माणसाला मधोमध बसवून 'सगळं सांग, मन मोकळं कर' म्हणून खोदू नये. एका बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत मोठमोठ्या आपत्तींनंतर वापरली गेली. आजार टळतो असं काही त्यातून दिसलं नाही. सांगायचं असेल तर ऐकावं, नसेल तर चहा द्यावा, कोरडे कपडे द्यावेत, नातेवाईकांना फोन लावून द्यावा. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या पहिल्या महिन्यात या त्रासावर उपाय म्हणून देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये सांगितलं आहे. आणि आमच्याकडं गोळीपेक्षा बाटली जवळ असते. तिनं आजची रात्र जाते, पण आजार तिथंच राहतो.

समोर कुणाला फ्लॅशबॅक आला तर मागून धरू नये. समोर यावं, नाव घेऊन हळू बोलावं आणि कारकुनाचं काम आपण करावं, म्हणजे शिक्का मारावा. आम्ही आत्तीला म्हणायला शिकलो: "आत्ती, आज मार्गशीर्षातला गुरुवार. आपण अंगणात आहोत. पाय खाली टेक, फरशी गार लागते बघ." पूर नाही, असं म्हणण्यापेक्षा फरशी गार आहे, हे म्हणणं लवकर पोचतं.

औषधं आहेत, मानसोपचारतज्ज्ञ ती देतात आणि काहींना त्यांचा गुण येतो. पण पीटीएसडीवर पहिल्या पसंतीचा उपचार बोलण्याचा आहे. शिकलेल्या माणसासमोर, सुरक्षित खोलीत, पुन्हापुन्हा, ठरवून. कशानं गुण येतो याचा एक धागा असा: २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की आठवण वर काढली की ती थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ होते आणि मग पुन्हा घट्ट होते. मऊ असताना तिच्यात बदल होऊ शकतो. माणसांत हे किती आणि कसं चालतं यावर काम सुरू आहे. पण आघातावरच्या उपचारात एक पाऊल असं असतंच: सगळ्यात वाईट क्षणापाशी थांबायचं आणि त्या क्षणी ठाऊक नसलेली, नंतर कळलेली गोष्ट तिथं आणून ठेवायची.

आत्तीला २०२३ मध्ये एका सरकारी दवाखान्यात मराठी बोलणारी समुपदेशक भेटली. तीन-चार बैठकांनंतर ती मुलगी म्हणाली, पुराच्या वेळी जे शेजारी होते त्यांच्याशी बोला. अण्णा घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी पहिल्यांदा नीट सांगितलं, "वयनी, गाठ सुटंना म्हणून तुमी रडाल्तासा. म्या इळ्यानं दावं कापलं. तुमचा हात मधी येईल म्हणून ढकललं तुमास्नी. म्हस पोहत गेली बघा, डोकं वर करून."

गंमत म्हणा की काय म्हणा, खुंट्याला राहिलेला दाव्याचा तुकडा घर साफ करताना आत्तीनंच काढला होता. टोक सरळ कापलेलं. तो तिनं हातात धरला होता, म्हणजे तिला ठाऊक होतं. फक्त ते ठाऊक असणं बोटांच्या वहीत गेलेलं नव्हतं. तिथं म्हैस चार वर्षं खुंट्यालाच बुडत होती.

पुढच्या बैठकांत तिनं ती गाठ पुन्हापुन्हा सांगितली, दर वेळी विळ्यापर्यंत. वार अजून आठवत नाही. तो आता आठवायचाही नाही. तो कधी नोंदलाच गेला नव्हता.

कुणाला गरज असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. ही सरकारी फोन सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फुकट, दिवसरात्र, आणि भाषा निवडताना मराठी मागता येते. धारवाडला मनोरुग्णांसाठी मोठी सरकारी संस्था आहे, लोक तिला डिमहान्स म्हणतात. लांब वाटत असेल तर आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारा. जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्य सेवा पोचवायचा देशातला पहिला मोठा प्रयोग ऐंशीच्या दशकात आपल्याच राज्यात, बळ्ळारीला झाला होता. तेव्हा 'असलं काही आपल्याकडं नसतं' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आत्तीनं मागच्या वर्षी नवी म्हैस घेतली. दावं काथ्याचंच आहे, नायलॉनचं नको म्हणाली. जून लागला की ती एका ओढीत सुटेल अशी गाठ मारते, आणि झोपायच्या आधी एकदा गोठ्यात जाऊन ओढून बघते.